नदी नागमोडी का वाहते? मोबाइलवर बघा आणि समजून घ्या

गूगल मॅप्स उघडा, भाईंदरची खाडी शोधा आणि सॅटेलाइट व्ह्यू ऑन करा. आता पाण्याच्या कडेकडेने पूर्वेकडे सरका. घोडबंदर, कल्याण, बदलापूर, कर्जत. ही उल्हास नदी. सह्याद्रीत उगम पावून ती वसई खाडीतून समुद्राला मिळते. पण येताना सरळ येत नाही, सारखी वळणं घेते. असं का?

वळणाची सुरुवात

घाटात उतार जास्त, म्हणून नदी खाली खोल कापत जाते. सपाटीवर आली की उतार कमी होतो आणि ती काठ कापू लागते. एखादा खडक, पडलेलं झाड किंवा मऊ मातीचा काठ एवढं निमित्त पुरतं. प्रवाह थोडा एका बाजूला झुकतो आणि वळण सुरू होतं.

वळणाच्या बाहेरच्या काठावर पाणी वेगाने आदळतं आणि माती खरवडतं. हे खनन. आतल्या काठाशी वेग कमी असतो, तिथे वाळू-गाळ साचतो. हे संचयन. म्हणून बाहेरचा काठ उभा आणि खोल, तर आतला उथळ आणि वाळूचा असतो.

चहाच्या कपातलं उत्तर

पण वाळू आतल्या काठाकडेच का जाते? चहा चमच्याने ढवळा. तळाशी असलेली चहापत्ती कडेला न जाता मधोमध गोळा होते. 1926 मध्ये आइन्स्टाइनने यावर लेख लिहिला आणि नदीची वळणंही याच तत्त्वाने समजावली. वरचं वेगवान पाणी बाहेर फेकलं जातं. तळाचं पाणी घर्षणामुळे मंद असतं, ते आतल्या बाजूला ढकललं जातं आणि सोबत वाळू नेतं.

वळण सरकत राहतं

एक काठ झिजतो, दुसरा वाढतो, म्हणजे अख्खं वळणच हळूहळू जागा बदलतं. कधी दोन वळणं इतकी जवळ येतात की पुरात नदी मधली पट्टी तोडून सरळ निघते. मागे उरतं ते घोड्याच्या नालेसारखं तळं, म्हणजे नालाकृती सरोवर. पंढरपूरला भीमेचं वळण चंद्रकोरीसारखं आहे, म्हणून तिथे तिला चंद्रभागा म्हणतात.

आपल्याकडच्या खाडीत काय वेगळं?

इथे भरती-ओहोटीमुळे पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. कांदळवनातले छोटे नाले बघा, तेही नागमोडीच. कांदळवनाची मुळं गाळ धरून ठेवतात. ती तोडली की काठ लवकर ढासळतो.

हे कळून फायदा काय?

नदीकाठची सपाट जमीन नदीनेच गाळ टाकून तयार केलेली असते. मोठ्या पुरात पाणी पुन्हा तिथेच पसरतं. जुलै 2019 मध्ये उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि 27 जुलैला हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं.

म्हणून ‘रिव्हर व्ह्यू’ फ्लॅट बघताना पूररेषा विचारा. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात.

मोबाइलवर असं तपासा

1. सॅटेलाइट व्ह्यूमध्ये नदीचं एक वळण झूम करा.
2. आतल्या काठावर फिकट रंगाचा वाळूचा पट्टा दिसतो का, बघा. उन्हाळ्यातल्या फोटोत तो जास्त स्पष्ट दिसतो.
3. बाहेरच्या काठाला लागून घरं किंवा रस्ता आहे का, ते बघा.
4. ब्राउझरमध्ये गूगल अर्थ टाइमलॅप्स उघडा. त्यात 1984 पासूनची चित्रं आहेत. तीच जागा शोधा आणि काठ किती बदलला ते बघा.

तुमच्या गावच्या नदीवरही हे करून बघा. जिथे वाळू साचतेय तिथे समोरचा काठ खचतोय का, ते नक्की तपासा.