बोरन्हाणाचा फोटो – सुरत, १९५३



मागच्या संक्रांतीनंतर आमच्या नातवाचं बोरन्हाण झालं. सून म्हणाली, "बाबा, शनिवारी त्याचं फोटोशूट ठेवलंय, तुम्हीही चला." गेलो. एसी बंद करून खोली उबदार ठेवलेली, तीन वेळा कपडे बदलले, दोन तासांत तीनेकशे फोटो निघाले. नातू एकदासुद्धा रडला नाही. मी कोपऱ्यात बसून आमच्या भिंतीवरच्या एका फोटोचा विचार करत होतो. तो माझा आहे, जानेवारी १९५३ चा, मी दीड वर्षाचा असतानाचा. त्याची हकीकत आज लिहून ठेवतो, कारण ती सांगणारं घरात आता मीच उरलोय. बरीचशी आईकडून ऐकलेली, थोडी वडिलांच्या हिशेबाच्या वहीतली.

आम्ही मूळ अमळनेरचे. १९०० साली ताप्ती व्हॅली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत सुरू झाली आणि खानदेशातल्या माणसांना सुरत जवळची झाली. वडील रेल्वेत कारकून, बिऱ्हाड नानपुऱ्यात दोन खोल्यांचं. आजी आमच्याजवळ राहायची. घरात बोली मराठी, दाराबाहेर गुजराती.

त्या काळात लहान मुलाचा फोटो काढणं म्हणजे लग्नकार्याइतकी तयारी. बोरन्हाण ठरलं तेव्हाच स्टुडिओत जायचं ठरलं. मकर संक्रांत म्हणजे सुरतेत उत्तरायण. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, सगळं गाव गच्चीवर पतंग उडवायला, दुकानं बंद. रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण चालतं, म्हणून पुढच्या आठवड्यातला दिवस धरला.

हलव्याचे दागिने आजीनं घरीच केले. मंद शेगडीवर परात, त्यात तीळ आणि साबुदाणा, वरून चमच्याचमच्यानं पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहायचं. काटा यायला दिवसच्या दिवस लागतात. मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा आणि हातात धरायला बासरी. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत ठेवलेला. काळ्या कापडाचं झबलं आईनं हातानं शिवलं. काळ्यावर पांढरा हलवा. काळ्या-पांढऱ्या फोटोसाठी याहून चांगला पोशाख कुणी मुद्दाम शोधून काढला नसता.

वडील स्टुडिओत आधी जाऊन विचारून आले. फोटोग्राफर गुजराती, वयस्कर गृहस्थ. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. डोक्याला तेल नको, कपाळ चकाकतं. काजळ अगदी बारीक, नाहीतर डोळ्यांच्या जागी भोकं दिसतात. कुंकवाचा टिळा लावाल तर तो फोटोत काळा येईल. तेव्हाच्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. आणि पोरगं झोप काढून, पोट भरून आणा. गालाची तीट मात्र काढायला आजी तयार होईना. ती फोटोत आहे.

आईनं आठवडाभर तालीम घेतली. मला उंच पाटावर बसवायचं, समोर खोका ठेवायचा, त्यावर वडिलांची काळी छत्री उघडून धरायची आणि छत्रीमागून वडिलांनी "इकडे बघ" म्हणायचं. कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाची भीती मोडावी म्हणून. पहिले दोन दिवस मी भोकाड पसरलं, तिसऱ्या दिवसापासून छत्री दिसली की हसायला लागलो.

एवढा आटापिटा का, याला जुना इतिहास आहे. १८३९ मध्ये पॅरिसला फोटोग्राफीचा शोध जाहीर झाला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या आपल्या फोटोग्राफरांपैकी एक. तेव्हा ओल्या काचेवर फोटो घेत, आणि माणसाला काही सेकंद निश्चल बसावं लागे. तान्हं मूल कसं बसणार? विलायतेत आईलाच खुर्चीसारखं कापडानं झाकून तिच्या मांडीवर मूल बसवत. असे फोटो आजही पाहायला मिळतात. मूल दिसतं, आई म्हणजे नुसता कापडाचा ढीग. पुढे १८८० च्या सुमारास कोरड्या प्लेटा आल्या आणि वेळ कमी झाला. तरी आमच्या वेळी स्टुडिओतल्या बल्बांच्या उजेडात मुलानं क्षणभर तरी स्थिर राहावं लागे. हललं की प्लेट फुकट.

दुसरी अडचण मनातली. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, ही समजूत सगळीकडे होती. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. (ही संस्था १८९० मध्ये सयाजीरावांच्या आश्रयानं उभी करणारे त्रिभुवनदास गज्जर आपल्या सुरतेचेच.) फाळक्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गमावलं, बडोद्याला परत येऊन पुन्हा धंदा मांडला. तिथे कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी आवई उठली आणि धंदा बसला.

आमच्या घरातही तेच झालं होतं. माझ्या आधी मला एक बहीण होती. १९४९ मध्ये, अकरा महिन्यांची असताना, चार दिवसांच्या तापात गेली. तिचा फोटो काढावा असं आईच्या फार मनात होतं, वडिलांनी पैसेही बाजूला ठेवले होते. आजी म्हणाली, "वर्षाच्या आत फोटो नको, दृष्ट लागते, आयुष्य जातं." म्हणून राहिला. तिचा चेहरा कसा होता हे मला कुणी दाखवू शकलं नाही. आई सांगायची, "तुझ्यासारखीच होती, पण हनुवटी वेगळी." एवढंच. आजीला त्याबद्दल आईनं कधी एक शब्द बोलून दाखवला नाही.

म्हणूनच सांगण्यासारखी गोष्ट ही, की १९५३ मध्ये विषय आजीनंच काढला. बोरन्हाणाचा बेत चालला असताना ती आईला म्हणाली, "याला स्टुडिओत घेऊन जा हो. दागिने मी करते." पुढे काही बोलली नाही. आठ-दहा दिवस शेगडीपुढे बसून तिनं बोटं भाजून घेतली ती अशी.

ठरल्या दिवशी घोडागाडीनं सगळे गेले, आजीसुद्धा. रंगवलेला पडदा, कोरीव स्टूल, दोन्ही बाजूंना मोठे दिवे. तालमीमुळे मी छान बसलो. फोटोग्राफर काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाले, "जो बेटा, चकली! चकली आवी!" गुजरातीत चकली म्हणजे चिमणी. आमच्या घरात चकली म्हणजे चकली. मी इकडेतिकडे शोधली, मिळाली नाही, तेव्हा हातातली हलव्याची बासरी तोंडात घातली. त्याच क्षणी त्यांनी रबरी फुगा दाबला. फोटोत बासरी अर्धी आहे, आणि सगळ्यांना वाटतं बाळकृष्ण वाजवतोय!

वहीतली नोंद: फोटो तीन कॉपी ४ रुपये ८ आणे, घोडागाडी ८ आणे, नानखटाई २ आणे. एकूण ५ रुपये २ आणे. पुढे मी बँकेत आयुष्यभर खतावण्या तपासल्या, पण ही नोंद मला सर्वांत मोलाची वाटते.

१९७९ मध्ये माझा मुलगा झाला तेव्हा घरात बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक-थ्री होता, बारा फोटोंचा रोल. स्टुडिओत जायचं कारण उरलं नाही, तयारीही उरली नाही.

ऑगस्ट २००६ चा पूर सुरतेत कुणी विसरणार नाही. राखीपौर्णिमेच्या तोंडावर उकाईचं पाणी सुटलं आणि अडाजणचं आमचं तळमजल्याचं घर बुडालं. आम्ही वरच्या शेजाऱ्यांकडे. पाणी ओसरल्यावर चिखलात तीन अल्बम सापडले, पानं एकमेकांना चिकटलेली. घाईघाईनं उन्हात वाळवून मी ती ओढून सोडवली आणि बहुतेक फोटो माझ्याच हातानं फाडले. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सोडवायला हवे होते, आणि सावलीत, चेहरा वर करून वाळवायला हवे होते, हे नंतर कळलं. बोरन्हाणाचा फोटो काचेला चिकटला होता. तो मात्र तसाच ठेवला. काचेसकट स्कॅन केला. खाली तपकिरी रेघ आहे, पाय गेले. चेहरा, तीट, अर्धी बासरी शाबूत आहे.

परवा सुनेला म्हटलं, तीनशेतला एक फोटो कागदावर काढून दे. तिनं दिला. मागे पेन्सिलीनं नाव, तारीख, गाव लिहिलं आणि "दागिने आईनं केले" असंही लिहिलं, कारण खरंच तिनं युट्यूबवर बघून घरी केले होते. १९५३ च्या फोटोमागे आजीचं नाव नव्हतं. तेही आता फ्रेमच्या मागे लिहून ठेवलंय.

तुमच्या घरातही असे फोटो असतील. त्यातली माणसं ओळखणारं कुणी आहे तोवर मागे नावं लिहून घ्या.