कुशावर्ताचे तीर्थ आणि पटकीची सुई

त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडाच्या दगडी पायऱ्या उतरून यात्रेकरू पाण्यात शिरतो. नाक धरून बुडी मारतो, ओंजळीने अर्घ्य देतो, घोटभर तीर्थ तोंडात घेतो आणि निघताना घरच्यांसाठी गडू भरून नेतो. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी लाखो माणसे हेच करतात. शैव आखाड्यांचे स्नान इथे होते, वैष्णवांचे नाशिकला रामकुंडावर. मुख्य पर्वण्या येतात त्या श्रावण-भाद्रपदात, ब्रह्मगिरीवर पाऊस कोसळत असताना आणि रस्त्यावरची घाण ओढ्या-विहिरींत उतरत असताना. पटकी, म्हणजे कॉलरा, पसरते ती अशाच पाण्यातून. त्यामुळे सिंहस्थ, पंढरीची वारी, हरिद्वारचा कुंभ यांच्या इतिहासात पटकीशी झालेली झुंजही आहे, आणि शरीर रोगाशी कसे लढते हे माणसाला हळूहळू कसे उमगत गेले, तेही आहे.

१८१७ मध्ये बंगालातल्या जेसोरला पटकीची मोठी साथ उठली. पुढच्या वर्षी ती दख्खन ओलांडून मुंबईपर्यंत पोहोचली. त्याच १८१८ च्या एप्रिलात इंग्रजांनी त्र्यंबकगड घेतला होता. सैन्याच्या तळांवर, बाजारांत, यात्रांत माणसे पटापट मरू लागली. सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवेलागणीला नसायचा. गावे मरीआईला शरण गेली, तिचा गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊ लागली. कारण ठाऊक नव्हते तेव्हा दुसरे करणार तरी काय? ते कारण जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८३-८४ च्या हिवाळ्यात कलकत्त्यात पक्के केले. रोग्यांच्या आतड्यात आणि तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला.

पण एकाच तळ्याचे पाणी प्यायलेल्या सगळ्यांनाच पटकी होत नाही. असे का?

पहिला अडसर जठरातच असतो. तिथल्या आम्लात पटकीचे बहुतेक जंतू मरतात. ज्याचे आम्ल कमी, त्याला थोडे जंतूही आजारी पाडतात. हा अडसर ओलांडला की गाठ पडते ती पेशींशी. रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ याने १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फिरत्या पेशींनी त्या काट्याला वेढा घातलेला! परक्याला गिळून टाकणाऱ्या अशा भक्षक पेशी आपल्याही शरीरात असतात. जर्मनीचा पॉल एर्लिक मात्र रक्तातल्या विरघळलेल्या द्रव्यांचा, म्हणजे अँटिबॉडींचा अभ्यास करत होता. दोघांचेही बरोबर होते. १९०८ चे नोबेल त्यांना विभागून मिळाले.

भक्षक पेशी लगेच धावतात, पण सगळ्या जंतूंशी त्यांची रीत साधारण एकच. नेमका वार करतात त्या टी आणि बी पेशी. टी पेशी लढ्याला दिशा देतात आणि जंतूने पछाडलेल्या पेशी मारतात. बी पेशींपासून अँटिबॉडी तयार होतात. पहिल्या भेटीत या कामाला काही दिवस लागतात. लढाई संपल्यावर काही पेशी स्मृती धरून मागे राहतात. त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत आजोबांचे नाव एकदा चढले की नातू आल्यावर नेमके पान उघडते, तसेच हे. दुसऱ्या भेटीत शरीर जंतूला लगेच ओळखते. लस म्हणजे आजार न होऊ देता केलेली तेवढीच नोंद.

मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन याने १८ जुलै १८९२ रोजी पॅरिसमध्ये स्वतःची पटकीची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये तो कलकत्त्याला आला आणि दोन-अडीच वर्षांत देशभर ४० हजारांहून अधिक माणसांना त्याने लस दिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उसळला तेव्हा सरकारने त्याला तिकडे बोलावले. तिथे त्याने मांसाच्या रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले. त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढत. ते तापवून मारले की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्याने आधी स्वतःला टोचली. परळच्या ज्या प्रयोगशाळेत पुढे हे काम चालले, तिला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले. त्या प्लेगने नाशिक जिल्हाही सोडला नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये भगूरला प्लेगनेच गेले.

विसाव्या शतकात मोठ्या यात्रांना जाणाऱ्यांवर पटकीची सुई टोचून घेण्याची सक्ती झाली. दंड सुजायचा, कणकण यायची, तरी हे संरक्षण जेमतेम काही महिने टिके, तेही सर्वांना मिळत नसे. याचा उलगडा होण्याची वाट कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवली. पटकीचा जंतू रक्तात शिरतच नाही. तो आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो आणि त्या विषाने शरीरातले पाणी वाहून जाते. सुईने रक्तात अँटिबॉडी तयार होत, पण लढाई होती आतड्याच्या पोकळीत. तिथे पहारा असतो आतड्याच्याच आयजीए नावाच्या अँटिबॉडीचा, आणि तो तोंडावाटे दिलेल्या लशीने अधिक चांगला जागा होतो. १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने प्रवाशांसाठी पटकीच्या दाखल्याची अट काढून टाकली. २००९ मध्ये भारतातच तयार झालेली तोंडावाटे घ्यायची लस आली.

सक्तीच्या सुईपेक्षा यात्रेकरूंना अधिक तारले ते स्वच्छ पाण्याने आणि जलसंजीवनीने, म्हणजे मीठ-साखर विरघळवलेल्या पाण्याने. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार पुढच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि अमृतस्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे पुन्हा पावसाळ्यातच. त्र्यंबकला जाणाऱ्यांनी कुशावर्तात श्रद्धेने स्नान करावे, पण पोटात जाणारे पाणी उकळलेले किंवा क्लोरिन घातलेलेच असू द्यावे. बरोबर जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत आणि जुलाब सुरू होताच ती स्वच्छ पाण्यात विरघळवून रोग्याला पाजावीत आणि त्याला आरोग्य केंद्रात न्यावे.