करवतीच्या दातांतला सिंह

प्यूजोचा सिंह मोटारीवर येण्याच्या कितीतरी आधी करवतीवर होता. पूर्व फ्रान्समधल्या प्यूजो घराण्याने १८१० मध्ये आपल्या पिठाच्या गिरणीचा पोलादाचा कारखाना केला. तिथे करवतीची पाती घडू लागली, पुढे कॉफी दळायची यंत्रेही. आपला माल ओळखू यावा म्हणून १८४७ मध्ये माँबेलियारच्या ज्युस्तँ ब्लाझे या सोनार-नक्षीकाराकडून चिन्ह काढून घेतले : बाणावरून चालणारा सिंह. १८५८ मध्ये त्याची रीतसर नोंद झाली.

हा सिंह राजेपणाचा नव्हता. पात्याचे दात सिंहाच्या दातांसारखे टिकाऊ, पाते त्याच्या कण्यासारखे लवचीक आणि कापण्याचा वेग बाणाचा, असा तो तीन कलमी दावा होता. शिवाय सिंह अव्वल मालावरच उमटे. दुसऱ्या प्रतीवर चंद्रकोर, तिसऱ्या प्रतीवर हात. शिक्क्यावरून गिऱ्हाइकाला पोलादाची प्रत कळे.

आर्माँ प्यूजोने १८८९ मध्ये वाफेची तीनचाकी आणि १८९० मध्ये डाइमलर इंजिनाची चारचाकी आणली. पण घरच्यांचा मोटारीवर भरवसा नव्हता, म्हणून १८९६ मध्ये त्याने वेगळी कंपनी काढली. गंमत अशी, की पुढे अवजारे बनवणाऱ्या भाऊबंदांनीच १९०६ पासून ‘लिऑन-प्यूजो’ नावाच्या मोटारी बाजारात आणल्या. १९१० मध्ये दोन्ही घरे पुन्हा एक झाली.

त्यानंतर सिंहाचा अर्थ बदलत गेला. १९४८ मध्ये ‘२०३’ मोटारीसोबत तो मागच्या पायांवर उभा राहिला. ही ढब फ्रांश-कोंते प्रांताच्या राजचिन्हातली. ‘४०४’ वर १९६० मध्ये ढालीत नुसते डोके उरले, १९७५ मध्ये केवळ बाह्यरेषा. २०२१ मध्ये डोके पुन्हा ढालीत गेले. बाण केव्हाच गळला होता.

नव्वदच्या दशकात कल्याणला प्रीमियरच्या कारखान्यात ‘३०९’ तयार झाली आणि सिंह आपल्याही रस्त्यांवर दिसला. त्याच काळात महिंद्राच्या आर्माडात प्यूजोचे डिझेल इंजिन होते, पण बाहेर सिंह नव्हता. प्यूजोचे लोखंडकाम आत आणि बिल्ला दुसऱ्याचा!

मोटारीवरचा सिंह आज कंपनीचे नाव सांगतो, मालाची प्रत नाही. जुन्या दाव्याशी नाते राखले ते प्यूजोच्या मिरी दळायच्या गिरणीने. १८७४ पासून बनणाऱ्या या गिरणीत सगळी मदार अजूनही दातांवरच आहे.