गावाबाहेरच्या घरासाठी तारेचा अँटेना: कोणता निवडावा?



हॅम रेडिओचा परवाना हातात पडला की पहिला प्रश्न येतो, "अँटेना कोणता लावू?" पेनसिल्व्हेनियात शहरापासून दूर घर घेतल्यावर मलाही तो पडला होता. अशा घराभोवती जागा आणि झाडं असतात, एचओएची कटकट सहसा नसते. मग महागड्या टॉवरऐवजी साधी तांब्याची तार पुरते.

आधी बँड ठरवा. भारताशी बोलायचं तर २० मीटरचा बँड (१४.००० ते १४.३५० मेगाहर्ट्झ) सोयीचा. अमेरिकेत त्यासाठी किमान जनरल वर्गाचा परवाना लागतो, टेक्निशियन पुरत नाही.

लांबी. डायपोलची फुटांतली लांबी म्हणजे ४६८ भागिले मेगाहर्ट्झ. १४.२ साठी सुमारे ३३ फूट, ७.१ साठी ६६, ३.७५ साठी १२५. तार फूटभर जास्तच कापा आणि एसडब्ल्यूआर मोजत थोडी थोडी छाटा.

पर्याय

१. डायपोल: दोन झाडांमध्ये ताणलेली तार, मधोमध कोॲक्स केबल. एका बँडसाठी सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा.

२. उलटा व्ही: एकच उंच झाड असेल तर मध्य वर, दोन्ही टोकं खाली. टोकांवर व्होल्टेज खूप असतं, म्हणून ती मुलांचा हात पोचणार नाही इतकी उंच ठेवा.

३. एंड-फेड: जोडणी एकाच टोकाला, ४९:१ ट्रान्सफॉर्मरमधून. ६६ फुटी तारेवर ४०, २०, १५ आणि १० मीटर चालतात.

४. डबलेट: लॅडर लाइन आणि ट्यूनर वापरून एकाच तारेवर अनेक बँड.

उंची. २० मीटरसाठी ३३ फूट, म्हणजे अर्धी तरंगलांबी, मिळवायचा प्रयत्न करा. तार फार खाली असली तर बरीचशी शक्ती सरळ वर जाते. ४० आणि ८० मीटरवर मात्र जवळपासच्या राज्यांशी बोलायला खालची तारही चालते. फांदीवर दोरी टाकायला लहानपणीची गलोल कामी येते!

दिशा. इथे मी फसलो. भारत पूर्वेला, असं धरून मी तार उत्तर-दक्षिण ताणली, कारण डायपोलचा जोर तारेच्या काटकोनात असतो. युरोप छान ऐकू यायचा, पण पुण्यातला माझा कॉलेजमित्र तीन महिने सापडला नाही. शेवटी मुलीच्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला. आमच्याकडून मुंबईचा जवळचा मार्ग उत्तरेपासून पूर्वेकडे जेमतेम ३० अंशांवर निघाला! तार फिरवली, आणि एका सकाळी त्याचा आवाज आला. तुम्ही आधी दोरा ताणा, मग झाड निवडा.

सुरक्षितता. विजेच्या तारांपासून इतकं दूर राहा की अँटेना तुटून पडला तरी त्यांना लागणार नाही. घरात शिरण्यापूर्वी केबलला लाइटनिंग अरेस्टर लावा आणि त्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जोडा. वादळ येण्याआधीच केबल काढून ठेवा. झाडं वाऱ्यात डोलतात, म्हणून तार थोडी सैल ठेवा.

पुढच्या स्नेहसंमेलनात भेटलात तर जरूर विचारा. तोवर ७३, म्हणजे हॅमच्या भाषेत सप्रेम नमस्कार!