दार उघडे, पंगत बंद

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला वसतिगृह होते. नियमाने ते सर्व जातींना खुले होते. प्रत्यक्षात तेथे ब्राह्मण विद्यार्थीच राहत. लेखी मनाईची गरजच नव्हती. वसतिगृह म्हणजे नुसती खोली नव्हे. तेथे स्वयंपाकघर असते, पिण्याचे पाणी असते, जेवणाची पंगत असते आणि त्या काळी या तिन्ही ठिकाणी जात आधी विचारली जाई. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या किंवा मुसलमानाच्या मुलाला शहरात बिऱ्हाड मिळणे कठीण. अस्पृश्याच्या मुलाला तर जवळजवळ अशक्यच. राहण्याखाण्याची सोय नसेल, तर शिक्षण दारातच संपे.

शाहू महाराजांनी नेमके हेच हेरले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंग. १९०६ मध्ये मुस्लिम, १९०७ मध्ये लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. पुढे शिंपी, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे झाली. दरबाराने जागा आणि अनुदाने दिली. कारभार त्या त्या समाजाने पाहिला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या होत्या. त्या जागांवर बसणारी शिकलेली माणसे या बोर्डिंगांतूनच यायची होती. दोन्ही गोष्टी एकाच धोरणाच्या आहेत. त्या सुट्या वाचल्या की अर्थ निसटतो.

जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या केल्या, हा आक्षेप अजूनही ऐकू येतो. तो साफ खोटा नाही. त्याचा पुरावा खुद्द कोल्हापुरातच सापडतो. जैन बोर्डिंगात राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आला. परतल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे त्याच्या चरित्रांत सांगितले जाते. ज्यांना दुसऱ्याच्या पंगतीत जागा नव्हती, त्यांनीही आपल्या पंगतीभोवती रेघ ओढली होती.

पण म्हणून १९०१ चा निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. त्या वेळी निवड ‘वेगळे की एकत्र’ अशी नव्हतीच. ती ‘वेगळे की काहीच नाही’ अशी होती. एकत्र राहण्याचा आग्रह धरायलासुद्धा आधी शहरात पाय टेकायला जागा लागते. भाऊराव त्या समारंभाला जाऊ शकले, कारण ते कोल्हापुरात राहून शिकत होते.

पुढचे पाऊल त्यांनीच टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र रांधत, एकत्र जेवत. खर्च भागेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. ज्यांनी वेगळी बोर्डिंगे काढली, त्यांचेच नाव एकत्र पंगतीला मिळाले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही वसतिगृहाची शिस्त महाविद्यालयात आली. गरीब विद्यार्थी तेथे कष्टाच्या हक्काने राहू लागला.

आज विद्यापीठांच्या माहितीपुस्तकात ‘प्रवेश सर्वांसाठी खुला’ हे वाक्य असतेच. राजाराम कॉलेजच्या वसतिगृहाचा नियमही तेच सांगत होता. म्हणून आवाराची परीक्षा प्रवेश-अर्जावर करू नये, खानावळीत करावी. कोण कोणाशेजारी ताट घेऊन बसतो, कोण खोलीवरच जेवतो आणि कोण पहिल्या सत्रानंतर गावी निघून जातो, एवढे पाहिले तरी पुरे.