कोकणातील पौर्वात्य सिरियाक उपासनापद्धती : प्रसार आणि लोप

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाचा इतिहास बहुधा पोर्तुगीजांच्या आगमनापासून सांगितला जातो. वास्तविक त्यापूर्वी कित्येक शतके इराणमार्गे आलेली एक ख्रिस्ती उपासनापद्धती या किनाऱ्यास परिचित होती. तीच पद्धती मलबारात रुजली व टिकली; कोकणात मात्र ती लोपली. या भेदाची कारणमीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ही पद्धती मूळची मेसोपोटेमियातील. तिची भाषा सिरियाक, आणि तिच्या मुख्य यज्ञविधीची प्रार्थना अद्दाई व मारी या दोन धर्मप्रचारकांच्या नावाने ओळखली जाते. सातव्या शतकात तिसरा ईशोयाब (कारकीर्द ६४९-६५९) या धर्मगुरूने वर्षभराच्या उपासनाक्रमाची व्यवस्था लावून दिली. या व्यवस्थेत विधी चालविण्याचा अधिकार दीक्षित याजकासच असे, व याजकास दीक्षा देण्याचा अधिकार केवळ धर्माध्यक्षास. म्हणून धर्माध्यक्षांची परंपरा खंडित झाली की काही काळाने विधीही थांबे. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

कोकणाविषयीचा पहिला स्पष्ट उल्लेख कॉस्मस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाचा आहे. इ. स. ५५० च्या सुमारास त्याने लिहिले की, ‘कल्लियाना’ येथे इराणातून दीक्षा घेऊन आलेला धर्माध्यक्ष असतो. हे स्थळ कल्याण नव्हे, दक्षिणेकडील दुसरे एखादे बंदर असावे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. परंतु बंदरांची नावे देताना कॉस्मस प्रथम सिंधू, नंतर सौराष्ट्र, मग कल्लियाना व सिबोर आणि शेवटी मिरीचा मले प्रदेश असा क्रम लावतो. हा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. सिबोर म्हणजे चौल, हे मान्य केल्यास कल्लियाना म्हणजे कल्याण, हे मत अधिक सयुक्तिक ठरते. तेथून तांबे-पितळ, शिसवी लाकूड व कापड बाहेर जाई, असेही तो सांगतो.

यावरून कल्याणची वस्ती व्यापाराच्या आश्रयाने राहिली होती, असे अनुमान निघते. येथून नाणेघाटाने देशावर जाणारी वाट पुरातन होती. तथापि त्या वाटेने ही उपासनापद्धती घाटावर चढल्याची साक्ष मिळत नाही. आज कल्याणहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग ज्या नांदुऱ्यावरून जातो, त्या वऱ्हाड प्रांतातही मध्ययुगातील तिच्या खुणा आढळत नाहीत. ती बंदरांपुरतीच मर्यादित राहिली. गोव्यात जुवारी नदीच्या काठी आगशी येथे २००१ मध्ये सापडलेला पेहलवी लेखयुक्त पाषाणक्रूस याच किनारी मालिकेत बसतो.

अशी वस्ती इराणातील घडामोडींवर सर्वथा अवलंबून असे. ईशोयाबाच्या पत्रांत याचे प्रमाण मिळते. फार्स प्रांतातील रेव-अर्दशीर येथील महाधर्माध्यक्षास तो दोष देतो की, तुझ्या अवज्ञेमुळे हिंदच्या लोकांची धर्माध्यक्ष-परंपरा तुटली.

मलबारात स्थिती निराळी होती. इ. स. ८४९ च्या ताम्रपटान्वये कोल्लम येथील चर्चला जमीन, सेवक व व्यापारी हक्क मिळाले. १३०१ मध्ये कोडुंगल्लूर येथे जखऱ्या नावाच्या चौदा वर्षांच्या उपयाजकाने पौलाच्या पत्रांचा उपासनेत वाचावयाचा सिरियाक ग्रंथ नकलून काढला. ते हस्तलिखित आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. जेथे कुमारवयीन उपयाजक असा ग्रंथ लिहू शकतो, तेथे गुरुशिष्य-परंपरा चालू होती, हे उघड आहे.

त्यानंतर अवघ्या वीस वर्षांनी, १३२१ मध्ये, चार फ्रान्सिस्कन संन्यासी ठाण्यास आले व तेथेच मारले गेले. त्यांच्या अस्थी पुढे चीनला नेणाऱ्या ओडोरिकने ठाण्यात नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याची नोंद केली आहे. त्यांचा सहप्रवासी जॉर्डेनस लिहितो की, या भागात स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे लोक विखुरलेले आहेत. परंतु त्यांना बाप्तिस्मा नाही, व संत तोमासच ख्रिस्त होय, असे ते मानतात. जॉर्डेनस लॅटिन पंथाचा असल्याने त्याच्या शब्दांत पंथाभिमान असणे शक्य आहे. तथापि बाप्तिस्मा नसल्याचे त्याचे विधान याजकाच्या अभावाकडेच बोट दाखविते. नाव उरले होते, विधी उरला नव्हता.

सोळाव्या शतकात वसईस पोर्तुगीजांनी आणलेली उपासना लॅटिन होती. जुन्या परंपरेशी तिचे नाते नव्हते. मलबारातील सिरियाक परंपरेस १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेने लॅटिन वळण दिले, तरी ती नष्ट झाली नाही, कारण तिचे याजक त्याच समाजातून येत. पुढे तीच महाराष्ट्रात परतली : १९६२ मध्ये विदर्भात चांद्याचे धर्मक्षेत्र निर्माण झाले, आणि १९८८ मध्ये केरळीय स्थलांतरितांसाठी कल्याण येथे धर्मप्रांत स्थापन झाला. कॉस्मसचे कल्याण व हे कल्याण यांत स्थळाचे सातत्य आहे, परंपरेचे नाही. परंपरा आली ती मलबारातून. व्यापाराने तिला बंदरापर्यंत आणले होते, पण स्थानिक याजकवर्गाने तिला जेथे जतन केले, तेथूनच ती पुन्हा पसरू शकली.