नस्तालीकची तिरपी ओळ

शुक्रवार पेठेतल्या एका घरची निकाहची पत्रिका हाती आली. वर वधू-वरांची नावे उर्दूत, नस्तालीक लिपीत. खाली तारीख, पत्ता, दावतीची वेळ मराठीत. वधूच्या वडिलांना विचारले, ‘‘उर्दू वाचता?’’ ते हसले. ‘‘अब्बा वाचायचे. आम्ही मराठी शाळेतले. पण ती अक्षरं पत्रिकेवर पाहिजेतच.’’

1990 साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. मराठी आमची भाषा आहे, हे आपण तेव्हा ठामपणे सांगितले. घरातल्या दुसऱ्या लिपीचे काय करायचे, यावर मात्र आपण फारसे बोललो नाही. ती हळूहळू नक्षी होऊन बसली.

नस्तालीक इराणात चौदाव्या शतकाच्या अखेरीस आकाराला आली. परंपरा तिचे श्रेय मीर अली तबरेझी यांना देते. या लिपीत शब्द ओळीवर बसत नाही. उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. शेजार बदलला की अक्षराचे रूपही बदलते. तिरप्या कापलेल्या बोरूचा एक ठिपका, म्हणजे नुक्ता, हेच कातिबाचे माप. अक्षराची उंची आणि लांबी नुक्त्यांतच मोजायची.

छापखान्याचा खिळा इथेच हरला. खिळे सरळ ओळीत उभे राहतात. ही लिपी लोंबते. म्हणून उर्दूने शिळाछापाचा रस्ता धरला. कातिबाने तेलकट शाईने कागदावर लिहायचे, तो कागद दगडावर दाबायचा आणि दगडावरून प्रती काढायच्या. 1981 मध्ये पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक आली, ती जोडशब्दांचे हजारो आकार हाताने लिहून घेऊनच. 1994 मध्ये दिल्लीहून इनपेज आले आणि कातिबाची बैठक उठली.

आपल्या मोडीची कथा फार वेगळी नाही. आदिलशाहीच्या कागदांत फारसीबरोबर मोडीतली मराठी भेटते. फारसीच्या घाईच्या वळणाला शिकस्ता म्हणतात, म्हणजे मोडलेली. मोडी हे नाव त्याचेच भाषांतर, असे काही अभ्यासकांनी मांडले. हेमाडपंताची कथा सांगणाऱ्यांना ते पटत नाही. मला तो वाद सुटण्यापेक्षा चालू राहिलेला आवडतो. 2014 मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली. आता तीही पाट्यांवर, सदऱ्यांवर शोभेला दिसते. वाचणारे किती?

शोभेला माझा आक्षेप नाही. पण नस्तालीकमध्ये नुक्ता म्हणजे दागिना नव्हे. तोच आकार, नुक्ता वर दिला तर खलील, खाली दिला तर जलील. त्या पत्रिकेवर नवऱ्या मुलाच्या नावात असाच एक नुक्ता सरकलेला होता. पत्रिका वाटून झाल्या होत्या. मी मुबारकबाद दिली आणि घडी घालून खिशात ठेवली.